दोनशे वर्षांचा उशीर

सकाळी ७.३०

कॉरिडॉरमध्ये वर्दळ सुरू व्हायच्या आत तासभर वाचायचं, ही सवय जुनी. दोना पावलाच्या चढावरच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत या वेळी सुरक्षारक्षक आणि रात्रभर चालू राहिलेली यंत्रं एवढंच असतं. ऑक्टोबरचा उकाडा अजून चढलेला नाही. टेबलावर मी पुन्हा एकदा तोच आलेख काढून ठेवला आहे, ज्याच्याभोवती आमचा विषय गेली काही वर्षं फिरतो आहे. वर ग्रीनलंडचं तापमान, खाली अंटार्क्टिकाचं, दोन्ही गेल्या ६८,००० वर्षांचं.

ग्रीनलंडची रेघ धसमुसळी आहे. काही दशकांतच तापमान ८ ते १६ अंश सेल्सियसने वर जातं, मग शेकडो वर्षं हळूहळू उतरत राहतं आणि शेवटी एकदम कोसळतं. शेवटच्या हिमयुगात अशा सुमारे पंचवीस उड्या आहेत. डेन्मार्कचे विली डान्सगार्ड आणि स्वित्झर्लंडचे हान्स ओश्गर यांच्या नावांनी त्या ओळखल्या जातात. अंटार्क्टिकाची रेघ मात्र संथ. एक ते तीन अंशांचा चढ, तेवढाच उतार, कुठेही झटका नाही. दोन्ही रेघा एकाखाली एक ठेवून थोडा वेळ पाहिलं की लक्षात येतं, ग्रीनलंड गारठलेलं असतं तेव्हा अंटार्क्टिका तापत असतं आणि ग्रीनलंडने उसळी घेतली की अंटार्क्टिका थंड व्हायला लागतं.

पण लगेच नाही. पश्चिम अंटार्क्टिकात वेस डिव्हाइड या ठिकाणी ३,४०५ मीटर खोलवर बर्फ खणला गेला. त्यावरचा शोधनिबंध २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्यात हा उशीर मोजलेला आहे. उत्तरेत बदल झाल्यावर दक्षिणेचं वळण सरासरी सुमारे दोनशे वर्षांनी येतं. मोजणीत कमीअधिक शंभर वर्षांची ढिलाई आहे, तरीही उशीर शून्य असण्याची शक्यता उरत नाही.

या दोनशे वर्षांवर माझा जीव आहे. हवेतून गेलेला बदल एका ध्रुवाकडून दुसऱ्याकडे पोचायला दोनशे वर्षं घेत नाही, वाऱ्याचे पट्टे काही वर्षांत, फार तर दशकांत सरकतात. शतकं लावतो तो समुद्र. कोणीही प्रत्यक्ष न पाहिलेल्या घटनेत समुद्राचा हात होता, हे त्या उशिरावरून ओळखता येतं.

सकाळी ८.४५

शीतकोठी उघडली. आत चार अंश तापमान, ओल्या चिखलाचा वास आणि भिंतीला लावलेल्या रॅकवर पांढऱ्या नळ्या. समुद्राच्या तळात वजनदार पोलादी नळी सोडायची, ती स्वतःच्या भाराने गाळात रुतते, मग विंचने ओढून वर घ्यायची. त्या नळीतल्या गाळाच्या दांड्याला आम्ही कोअर म्हणतो. जहाजावरच ती मीटर-मीटरच्या तुकड्यांत कापतात, किनाऱ्यावर आणून उभी चिरतात. एक अर्धा भाग संग्रहासाठी कायमचा राखून ठेवायचा आणि दुसऱ्यावर काम करायचं. ‘सागर कन्या’ या जहाजाच्या कोअरवर ‘एसके’ ही अक्षरं असतात. १९८३ पासून हिंदी महासागरात फिरलेल्या या जहाजाने अशा किती नळ्या आणून दिल्या असतील आणि किती जणांचे प्रबंध त्यांवर उभे राहिले असतील!

आजची कोअर अरबी समुद्राच्या पूर्व उतारावरची आहे. हिरवट राखाडी गाळ, मधूनच गडद पट्टे. मी प्लॅस्टिकच्या पट्टीने वरचा घासलेला थर काढून टाकते आणि एकेका सेंटीमीटरचा नमुना पिशवीत भरते. पिशवीवर खोली लिहायची आणि वहीतही लिहायची. दोन्हीकडे लिहिल्याशिवाय पुढच्या सेंटीमीटरला हात लावायचा नाही, हा नियम मी विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवशी सांगते. आमच्या सगळ्या कामाचा अर्थ काय आधी आणि काय नंतर एवढ्यावर टेकलेला आहे. दोन पिशव्यांची अदलाबदल झाली की इतिहास उलटा होतो.

कोणत्या खोलीवरचा गाळ घ्यायचा, यालाही फार महत्त्व आहे. उघड्या महासागरात हजार वर्षांत जेमतेम काही सेंटीमीटर गाळ साचतो आणि त्यातले किडे वरचे सात-आठ सेंटीमीटर सतत उलथेपालथे करत राहतात. तिथे दोनशे वर्षांचा फरक शोधणं व्यर्थ, किड्यांनी तो कधीच पुसून टाकलेला असतो. अरबी समुद्राने मात्र आमच्यावर उपकार केले आहेत. इथे साधारण दोनशे ते हजार मीटर खोलीवर पाण्यात प्राणवायू जवळजवळ नाही. मॉन्सूनमुळे वर वाढणारी वनस्पती-प्लवकं मरून खाली येतात, कुजताना तिथला प्राणवायू संपवतात. प्राणवायू नाही म्हणून किडे नाहीत. किडे नाहीत म्हणून पातळ थर जागच्या जागी राहतात.

अशाच थरांतून १९९८ मध्ये पाकिस्तानच्या किनाऱ्यासमोरच्या गाळाचा अभ्यास करणाऱ्या जर्मन शास्त्रज्ञांनी दाखवलं की, गेल्या १,१०,००० वर्षांत ग्रीनलंडच्या जवळजवळ प्रत्येक उडीची नोंद अरबी समुद्रात आहे. ग्रीनलंड उबदार असताना इथे गडद, सेंद्रिय कार्बनने भरलेला गाळ, म्हणजे मॉन्सून जोरात. ग्रीनलंड गारठलं की फिका गाळ, मॉन्सून मंद. सात-आठ हजार किलोमीटरवरच्या बर्फाची हालहवाल कराचीसमोरच्या चिखलात उमटावी, हे मला अजूनही विलक्षण वाटतं.

सकाळी १०.००

धुण्याचं काम. गोठवून सुकवलेला, वजन करून ठेवलेला गाळ पाण्यात भिजवायचा आणि ६३ मायक्रॉनच्या चाळणीवर हलक्या धारेखाली धुवायचा. चिकणमाती खाली निघून जाते, चाळणीवर राहतात ती कवचं. चाळणी दोन नमुन्यांच्या मध्ये मिथिलीन ब्ल्यूच्या निळ्या पाण्यात बुडवून काढायची. आधीच्या नमुन्यातलं एखादं कवच जाळीत अडकलं असेल तर ते निळं होतं आणि पुढच्या नमुन्यात लगेच ओळखू येतं. सकाळभर हेच चालतं. यात लिहिण्यासारखं फार नाही, पण इथे कंटाळा केला तर पुढचं काहीच खरं नाही.

सकाळी ११.१५

आता सूक्ष्मदर्शकाखाली. माझ्या दिवसाचा हा सर्वात आवडता भाग.

काळ्या रंगाचा, चौकोन आखलेला ट्रे. त्यावर धुऊन वाळवलेली, दीड-दोनशे मायक्रॉनपेक्षा मोठी कवचं पसरायची. ‘ट्रिपल झीरो’चा बारीक ब्रश पाण्यात किंचित ओला करायचा आणि त्याच्या टोकाने एकेक कवच उचलून गोंद लावलेल्या स्लाइडच्या खणात ठेवायचं. याला सगळे पिकिंगच म्हणतात. ही कवचं फोरॅमिनिफेरांची, म्हणजे समुद्रातल्या एकपेशीय जीवांची आहेत. आमच्या बोलण्यात नुसते ‘फोराम’. काही जाती पृष्ठभागाजवळ तरंगत जगतात, काही आठवड्यांत त्यांचं आयुष्य संपतं आणि रिकामं कवच तळाशी जातं. काही जाती तळावरच जन्मतात आणि तिथेच मरतात. म्हणून गाळाच्या एकाच सेंटीमीटरमध्ये वरच्या पाण्याची आणि तळाच्या पाण्याची, दोन्ही कवचं शेजारी-शेजारी सापडतात.

वरचा म्हणून मी ग्लोबिजेरिनॉयडिस रुबर उचलते. गोलसर तीन कोठड्या आणि ठळक छिद्रं, नजर बसली की तो चुकत नाही. तळाचा म्हणून सिबिसिडॉयडिस वुएलरस्टॉर्फी. चपटा, चकचकीत, शिवणी वळणदार. तो फार कमी मिळतो. रुबरचे वीस-पंचवीस दाणे सहज जमतात, याचे तीन-चार मिळाले तरी पुष्कळ. प्राणवायूच्या तुटीच्या पट्ट्यात तर तो बहुधा नसतोच, म्हणून ही कोअर त्या पट्ट्याच्या खालून, जास्त खोलीवरून घेतलेली आहे. तिथले थर तितके अस्पर्श नाहीत, हा सौदा पत्करावा लागतो.

कवच चुनखडीचं, म्हणजे त्यात ऑक्सिजन आहे. ऑक्सिजनचे अणू बहुतेक १६ वजनाचे, थोडे १८ वजनाचे. पाणी थंड असेल तर कवचात जड ऑक्सिजन जास्त जातो, अंशामागे साधारण हजारी ०.२२ इतका. पण त्यात आणखी एक गोष्ट मिसळलेली असते. हिमयुगात हलका ऑक्सिजन असलेलं पाणी वाफ होऊन जमिनीवर बर्फ बनून अडकलं, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा १२० मीटरहून अधिक खाली गेली आणि उरलेलं सगळं समुद्राचं पाणी थोडं जड झालं. म्हणून एकट्या ऑक्सिजनवर विसंबून चालत नाही. त्याच कवचातल्या मॅग्नेशियम-कॅल्शियमच्या प्रमाणावरून तापमान वेगळं काढायचं आणि मग दोन्ही आकडे शेजारी मांडायचे.

ब्रश चालू असतो तेव्हा मला केंब्रिजचे निक शॅकल्टन आठवतात. त्यांच्याकडे जुन्या क्लॅरिनेटचा मोठा संग्रह होता आणि ते स्वतः वाजवतही असत. १९९५ मध्ये ‘मारियाँ द्युफ्रेन’ या फ्रेंच जहाजाने पोर्तुगालच्या नैर्ऋत्येला सुमारे ३,१०० मीटर पाण्याखालून एक कोअर काढली होती, क्रमांक एमडी९५-२०४२. शॅकल्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्यातले वर तरंगणारे फोराम वेगळे मोजले आणि तळाचे वेगळे. २००० साली निकाल प्रसिद्ध झाला तेव्हा आमच्या क्षेत्रातले लोक चकित झाले. वरच्या कवचांची रेघ हुबेहूब ग्रीनलंडची आणि तळाच्या कवचांची रेघ अंटार्क्टिकाची! एकाच सेंटीमीटरच्या गाळात, एकाच पिशवीत, दोन्ही गोलार्ध.

याचं मोल काय, ते थोडं थांबून सांगायला हवं. ग्रीनलंडचा बर्फ आणि अंटार्क्टिकाचा बर्फ यांची कालगणना वेगवेगळी, त्यामुळे कोण आधी आणि कोण नंतर हा वाद मिटत नव्हता. इथे मात्र दोन्ही नोंदी एकाच चिखलात होत्या. कालगणना चुकली असेल तर दोघींचीही सारखीच चुकलेली, त्यांचा आपसातला क्रम हलत नाही. तळाची रेघ नेमकं किती तापमान सांगते आणि किती बर्फाचं घनमान, यावर नंतर पुष्कळ चर्चा झाली आणि ती रास्तच होती. पण क्रमाचा प्रश्न समुद्राच्या तळातून सोडवता येतो, हे त्या कामाने दाखवलं. माझ्या मते, बर्फाच्या शेजारी चिखलालाही मानाची जागा मिळाली ती तिथे.

दुपारी १.१५

जेवण. शीत, हुमण, तळलेला बांगडा. टेबलावर भौतिक समुद्रविज्ञानातला एक सहकारी आणि माझ्या दोन विद्यार्थिनी. बोलणं आज पावसावर, कारण एकीच्या गावी काढणीला आलेलं सोयाबीन भिजलं आहे.

तिने विचारलं, “मॅडम, अटलांटिकमध्ये काही बिघडलं तर त्याचं आमच्या पावसाशी काय?”

प्रश्न खरा आहे आणि त्याचं उत्तर भूतकाळात आहे. सुमारे १८,००० ते १४,७०० वर्षांपूर्वी उत्तर अटलांटिकमध्ये हिमनगांचे लोंढे आले. त्यांनी आणलेले दगडगोटे समुद्रतळाच्या गाळात आहेत आणि हार्टमुट हाइनरिख यांनी १९८८ मध्ये त्यांचे थर ओळखले म्हणून या घटनांना त्यांचं नाव आहे. गोड्या पाण्याने वरचा थर हलका झाला, हलकं पाणी बुडेना आणि अटलांटिकमधलं उलटापालटीचं अभिसरण, म्हणजे वरून उष्णता उत्तरेला नेणारं आणि खोलवरून थंड पाणी दक्षिणेला परत आणणारं चक्र, फार मंदावलं. बर्म्युडाजवळच्या गाळातल्या प्रोटॅक्टिनियम आणि थोरियम या मूलद्रव्यांवरून २००४ मध्ये असा निष्कर्ष निघाला की, त्या काळात ते जवळजवळ थांबलंच होतं. उत्तर गोलार्ध थंड, दक्षिण गोलार्ध ऊबदार. पावसाचा विषुववृत्तीय पट्टा ऊबदार गोलार्धाकडे झुकतो, म्हणून तो दक्षिणेकडे सरकला. चीनमधल्या नानजिंगजवळच्या हुलू गुहेतले चुनखडीचे स्तंभ त्या काळात मॉन्सून दुबळा झाल्याचं सांगतात, मेघालयातल्या मॉमलू गुहेतलेही तेच सांगतात आणि ब्राझीलच्या गुहा नेमकं उलट सांगतात, तिकडे पाऊस वाढला.

सहकारी म्हणाला, “आणि आपण नुसते भोगणारे नाही, पुरवणारेही आहोत.” त्याचं म्हणणं बरोबर आहे. हिंदी महासागराचं ऊबदार, खारट पाणी आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला अगुल्हास प्रवाहातून वळतं आणि त्याचा काही भाग भोवऱ्यांमधून अटलांटिकमध्ये गळतो. उत्तर अटलांटिककडे जाणाऱ्या खारट पाण्यात तो वाटा मिसळतो.

आजच्या काळाबद्दल मी जपून बोलते, कारण घाबरवणं हे आमचं काम नाही. आंतरशासकीय हवामान पॅनेलने २०२१ च्या अहवालात म्हटलं आहे की, हे अभिसरण या शतकात मंदावण्याची शक्यता फार मोठी आहे. २१०० पूर्वी ते एकदम कोलमडणार नाही, असंही त्यात आहे, पण तेवढ्यापुरता विश्वास मध्यमच. मध्यम विश्वासावर कोरडवाहू शेती उभी असेल तर मला त्याची चिंता वाटते, आणि ती मी लपवत नाही.

दुपारी २.४५

जुवारीच्या पुलावरून वास्कोला. हेडलँड सड्यावर राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र आहे. भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम ६ डिसेंबर १९८१ रोजी याच गोव्याच्या किनाऱ्यावरून निघाली आणि ९ जानेवारी १९८२ ला बर्फावर उतरली. आज आमच्या गाळाच्या नोंदी आणि त्यांच्या दक्षिण महासागरातल्या नोंदी शेजारी मांडायच्या आहेत.

बैठकीआधी बर्फाच्या कोठीत डोकावले. बाहेर घामाच्या धारा, आत उणे २० अंश. जाड कोट, हातमोजे, श्वासाची वाफ. इथे ठेवलेले बर्फाचे गाभे किनारी अंटार्क्टिकाचे आहेत, काही शतकांचा इतिहास सांगणारे. हिमयुगापर्यंत जाणारे मोठे गाभे इतर देशांच्या मोहिमांनी काढले. पण बर्फाचा तुकडा उजेडासमोर धरला की त्यातले हवेचे बुडबुडे दिसतात आणि दोन ध्रुवांची घड्याळं कशी जुळवली, ते डोळ्यांपुढे उभं राहतं.

त्या बुडबुड्यांत जुन्या काळची हवा आहे. हवेत मिथेन आहे, तो सगळ्या पृथ्वीवर वर्ष-दोन वर्षांत सारखा पसरतो. ग्रीनलंड एकदम तापलं की उत्तरेकडच्या दलदली जास्त मिथेन सोडतात. म्हणून मिथेनची उडी दोन्ही ध्रुवांच्या बर्फात एकाच वेळी नोंदली जाते. ती खूण जुळवायची आणि मग तापमानाच्या रेघा पाहायच्या. थॉमस ब्लूनियर आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये हे केलं. अडचण एकच, बुडबुडे बर्फ पडताक्षणी बंद होत नाहीत. वरचे साठ-सत्तर-शंभर मीटर भुसभुशीत असतात, हवा त्यातून खेळत राहते. म्हणून बुडबुड्यातली हवा भोवतीच्या बर्फापेक्षा तरुण असते. पूर्व अंटार्क्टिकाच्या कोरड्या पठारावर हा फरक हजारो वर्षांचा, तिथे दोनशे वर्षं मोजणं कठीण. वेस डिव्हाइडला भरपूर बर्फ पडतो, तिथे हिमयुगाच्या ऐन थंडीतही हा फरक साधारण पाचशे वर्षांचा. म्हणून तर ते ठिकाण निवडलं. एवढी धडपड कशासाठी, असं कोणी विचारलं तर मी हेच सांगेन. एका आकड्याची खात्री करण्यासाठी शेकडो माणसांनी वर्षानुवर्षं गोठत काम केलं आणि तो आकडा समुद्राची ओळख पटवणारा निघाला.

बैठक ध्रुवाभोवतीच्या प्रवाहावर येऊन अडकली, आणि तिथेच अडकायला हवी होती. अंटार्क्टिकाभोवती पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरणारा हा प्रवाह सेकंदाला तेरा ते सतरा कोटी घनमीटर पाणी वाहून नेतो. त्याच्या मार्गात जमीन आडवी येत नाही. वरच्या थरात उत्तर-दक्षिण अशी सरळ वाट तो मिळू देत नाही. म्हणजे उत्तरेचं अभिसरण थांबल्यावर दक्षिण अटलांटिकमध्ये साचलेली उष्णता अंटार्क्टिकाला थेट भिडत नाही. ती प्रवाहाच्या उत्तरेला, इतर महासागरांच्या मधल्या थरांतही पसरत जाते, भोवऱ्यांमधून थोडी-थोडी दक्षिणेला झिरपते, समुद्रावरचा बर्फ मागे हटतो आणि मग खंड तापतो. दोनशे वर्षं जातात ती इथे.

उत्तरेचा दुसरा निरोप मात्र हवेतून लगेच जातो. पाच ठिकाणच्या बर्फातले ज्वालामुखींच्या राखेचे आणि आम्लाचे थर जुळवून २०१८ मध्ये दाखवलं गेलं की, दक्षिणेचे पश्चिमी वारे उत्तरेतल्या बदलाबरोबर तत्काळ सरकतात आणि अंटार्क्टिकाच्या काही भागांत त्याची खूण त्याच वेळी उमटते. संपूर्ण खंडाचं तापणं-गारठणं मात्र समुद्राच्या गतीने होतं.

संध्याकाळी ५.००

परत आल्यावर विद्यार्थिनीचा आलेख. निफाडकडची मुलगी, बुद्धीने तल्लख आणि प्रश्नाला चिकटून राहणारी. तिचा आजचा हट्ट असा की उष्णता ‘साचते’ म्हणजे काय, ते नीट कळल्याशिवाय प्रकरण लिहिणार नाही.

मी फळ्यावर अटलांटिक काढला. बाकी महासागरांत समुद्र उष्णता विषुववृत्ताकडून ध्रुवांकडे नेतो. अटलांटिक वेगळा आहे. इथे दक्षिण गोलार्धातही उष्णता उत्तरेकडेच जाते, विषुववृत्त ओलांडते आणि आइसलंड-ग्रीनलंडच्या आसपास हवेला मिळते. थंड झालेलं पाणी तिथे बुडतं आणि दोन-तीन हजार मीटर खोलीवरून दक्षिणेला परततं. २००४ पासून २६ अंश उत्तर अक्षांशावर उपकरणं लावून हे मोजलं जातं आहे. सेकंदाला सुमारे एक कोटी सत्तर लाख घनमीटर पाणी, जगातल्या सगळ्या नद्यांच्या एकत्र प्रवाहाच्या दहापटीहून अधिक. त्याबरोबर जाणारी उष्णता सव्वा लाख कोटी किलोवॅटच्या घरात. हे थांबलं तर उत्तर गारठणार, कारण पुरवठा तुटला. दक्षिण तापणार, कारण तिची उष्णता तिच्याकडेच राहिली.

ती म्हणाली, “म्हणजे पाटाच्या चारीचं खालचं दार बंद केल्यासारखं. खालचं शिवार लगेच कोरडं पडतं, पण वर पाणी तुंबायला वेळ लागतो. चारी जेवढी लांब-रुंद तेवढा जास्त.”

मला याहून चांगलं सांगता आलं नसतं. बर्नचे थॉमस स्टॉकर आणि कोपनहेगनचे सिग्फुस यॉनसेन यांनी २००३ मध्ये नेमकं हेच समीकरणात मांडलं. त्याआधीच्या चित्रात दोन ध्रुव एका फळीच्या दोन टोकांवर होते, एक वर की दुसरा खाली. स्टॉकर-यॉनसेननी त्या फळीला दक्षिणेकडे उष्णतेचा एक मोठा साठा जोडला. साठा हळूहळू भरतो आणि हळूहळू रिकामा होतो, म्हणून ग्रीनलंडचे झटके अंटार्क्टिकात गुळगुळीत होऊन पोचतात. समीकरण शाळेतल्या मुलालाही वाचता येईल इतकं साधं आहे. त्याने निम्मा वाद मिटवला.

मग तिचा खरा आलेख पाहिला. अरबी समुद्र या सगळ्यात फार मोक्याच्या जागी आहे, आणि या विषयावर आमचा हक्क सांगायचा तर तो याच कारणाने. उत्तरेला जमीन आडवी असल्यामुळे इथलं खोल पाणी उत्तरेकडून येऊच शकत नाही, ते दक्षिण महासागराकडून येतं. मधल्या थरांतही दक्षिणेकडून निघालेलं पाणी पोचतं आणि सोमालिया-ओमानच्या किनाऱ्यावर मॉन्सूनचे वारे ते वर खेचतात. म्हणजे वरच्या कवचांना उत्तरेची बातमी वाऱ्याने मिळते, तळाच्या कवचांना दक्षिणेची बातमी पाण्याने. पोर्तुगालसमोर जे शॅकल्टनना दिसलं, त्याचाच आमच्या घरचा पाठ इथे सापडायला हवा, असं मी गृहीत धरून चालते. हिमयुग संपतानाचा समुद्रपृष्ठाचा ऊबारा उष्णकटिबंधीय हिंदी महासागरातल्या काही नोंदींत अंटार्क्टिकाच्या पावलांवर सुरू होतो, ग्रीनलंडची वाट न पाहता. ही आमच्या बाजूची उत्साहाची गोष्ट.

आणि अडचणीची गोष्ट ही की, कालगणना कार्बन-१४ वर आहे. समुद्राचं पाणी स्वतःच ‘जुनं’ असतं. पृष्ठभागाचं काही शतकांनी, खोल पाण्याचं हजाराहून अधिक वर्षांनी. ते किती जुनं, हेही अभिसरणाबरोबर बदलत जातं. ज्या दोनशे वर्षांच्या मागे आम्ही आहोत, तेवढीच चूक तारखेतच असू शकते. म्हणून मी तिला तारखांवर दावा करू देत नाही. एकाच थरातल्या वरच्या आणि तळाच्या कवचांचा क्रम, एवढंच लिही, असं सांगितलं. तिला ते फार थोडं वाटलं. मला वाटतं, जे टिकेल ते एवढंच आहे आणि ते पुरेसं मोठं आहे.

कार्बन डायऑक्साइडचाही विषय निघाला. हिमयुग संपताना हवेतलं त्याचं प्रमाण दहा लाखांत १९० भागांवरून २६५ च्या आसपास गेलं. त्यातला मोठा वाटा दक्षिण महासागराच्या खोल पाण्यातून वर आला, असं तिथल्या गाळातल्या सिलिकाच्या कवचांवरून दिसतं. उत्तरेत अभिसरण मंदावलं, दक्षिणेत वारे सरकले, बर्फ हटला, खोल पाणी वर आलं आणि त्यातला वायू सुटला. तो वायू मग दोन्ही गोलार्धांना तापवत राहिला. एका गोलार्धाचं ऊन दुसऱ्याची सावली होतं, हा हिशेब इथे संपतो. इथून पुढे दोघंही एकाच दिशेने जातात. यावर तिने वेगळं प्रकरण लिहावं, असं ठरलं.

संध्याकाळी ६.४५

वस्तुमान-वर्णपटमापीवर रात्रीची फेरी लावायची. प्रत्येक कुपीत रुबरचे किंवा वुएलरस्टॉर्फीचे मोजके दाणे, वजन मायक्रोग्रॅममध्ये मोजण्याइतकं. आधी मेथनॉलमध्ये अल्ट्रासॉनिकने कवचाच्या छिद्रांतली माती काढलेली. यंत्र एकेका कुपीत ७० अंशांवर फॉस्फोरिक आम्लाचा थेंब टाकेल, कवच विरघळून कार्बन डायऑक्साइड सुटेल आणि त्यातले जड-हलके रेणू चुंबकीय क्षेत्रात वेगळे मोजले जातील. मधे-मधे प्रमाणित संगमरवराच्या पुडीच्या कुप्या, म्हणजे यंत्र भरकटलं तर कळेल.

कुप्यांची मांडणी मी स्वतः तपासते. एका थराचा वरचा आणि तळाचा फोराम एकापाठोपाठ यायला हवा. वेगवेगळ्या रात्री मोजले तर यंत्राचा छोटासा फरक आमच्या निष्कर्षात शिरेल.

रात्री ८.३०

पहिल्या तीन प्रमाणित कुप्यांचे आकडे हजारी ०.०५ च्या आत जुळले, म्हणजे फेरी चालू ठेवायला हरकत नाही. विद्यार्थिनीने यादी पुन्हा वाचून दाखवली. एका थरात वुएलरस्टॉर्फीचा एकच दाणा आहे आणि तोही अर्धा फुटका. नेमका तोच थर, जिथे वरची रेघ वळते आहे.

“शेजारच्या सेंटीमीटरमधला घेऊ का, मॅडम?” तिने विचारलं.

नाही म्हटलं. त्या थराचा उरलेला गाळ कोठीत आहे. उद्या तो पूर्ण धुवायचा आणि बारीक चाळणीवरचं सगळं पुन्हा पाहायचं. तरीही मिळाला नाही तर आलेखात तिथे जागा मोकळी ठेवायची.